माउस, मेरिट आणि मानधन

जाहिरात तलाठ्याची असो, ग्रामसेवकाची असो की कनिष्ठ लिपिकाची, पात्रतेच्या अटींत एमएस-सीआयटी या संगणक कोर्सचा उल्लेख ठरलेला. सर्टिफिकेट नसेल तर नेमणुकीनंतर दोन वर्षांत ते मिळवायची सवलत बहुतेक ठिकाणी असते, पण तेवढ्यावर विसंबतो कोण? दहावी-बारावी झाली की ‘एमएससीआयटी झालं का?’ हा प्रश्न मराठवाड्यात नातेवाईकही विचारतात आणि सोयरीक बघायला आलेले पाहुणेही.

या कोर्समागची संस्था म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, अर्थात एमकेसीएल. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने 2001 साली ती पुण्यात उभी राहिली. सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेतून आलेले विवेक सावंत तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. एमएस-सीआयटी 2002 मध्ये सुरू झाली आणि आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी ती केली. यातली खरी हुशारी रचनेत होती. संस्थेने स्वतःच्या इमारती बांधल्या नाहीत, तर तालुक्या-बाजारगावांत आधीच चालणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर क्लासेसना अधिकृत केंद्रं म्हणून जोडून घेतलं. अभ्यासक्रम मराठीतही दिला आणि तो संगणकातच भरला, म्हणजे शिकवणारा कच्चा असला तरी धडा पक्का राहावा. शेवटची परीक्षा मात्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडे ठेवली. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, त्यामुळे त्या कागदाला वजन आलं.

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातलं इस्लापूर हे अशा रचनेची कसोटी पाहणारं गाव. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, तर नांदेड शहर शंभर किलोमीटरच्या आसपास. या टापूत मराठीच्या जोडीला गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू कानावर पडतात. इथल्या मुलीला संगणक शिकायला नांदेडला खोली करून राहा म्हणणं म्हणजे शिकूच नको म्हणण्यासारखं. तासाभराची बॅच करून संध्याकाळी घरी परतता येईल, एवढ्या अंतरावर केंद्र असण्याचं मोल अशा ठिकाणी कळतं. फी मात्र चार-पाच हजारांच्या घरात जाते, आणि कापसाच्या बोलीवर चालणाऱ्या घरात ती काही किरकोळ रक्कम नव्हे.

लिपिक व्हायचं तर पुढची पायरी टायपिंगची: मराठी मिनिटाला 30 शब्द, इंग्रजी 40. टाइपरायटरची खडखड थांबली आणि राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षाही संगणकावर आली.

मग नोकरी मिळते का? 2023 च्या तलाठी भरतीचा आकडा बोलका आहे. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांवर! खुल्या गटाला 1,000 रुपये शुल्क, राखीव गटाला 900. परीक्षा ऑनलाइन आणि अनेक सत्रांत. त्यातच 21 ऑगस्टला सर्व्हर बंद पडला आणि उमेदवार केंद्रांबाहेर ताटकळले. एवढ्या गर्दीत जवळपास प्रत्येकाकडे असणारं सर्टिफिकेट कुणालाच पुढे काढत नाही. ते नसलेला तेवढा मागे पडतो. एमएस-सीआयटीवर ‘नुसता कागद’ अशी टीका होते ती यामुळेच, आणि ती अगदीच खोटी नाही. वर्ड-एक्सेल शिकून घरी बसलेला पोरगा, ज्याच्या घरात संगणकच नाही, सहा महिन्यांत निम्मं विसरतो.

पण या कोर्सने रोजगार दिला तो जाहिरातीत नसलेल्या ठिकाणी. महसुली दाखले, सातबारा, शिष्यवृत्ती, पीक विमा, सगळं ऑनलाइन झालं तसा गावोगावी ‘ऑनलाइनवाला’ जन्माला आला. एक संगणक, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन आणि बाहेर लावलेलं भरतीचं फ्लेक्स. दुष्काळी अनुदानाची केवायसी असो की पोलीस भरतीचा फॉर्म, आसपासच्या तांड्या-पाड्यांवरची माणसं आधी त्याच्याकडे येतात. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला ठरल्या मुदतीत मिळण्याचा अधिकार दिला. हा अधिकार वापरायचा तर आधी अर्ज बिनचूक भरला गेला पाहिजे, आणि इथे एमएस-सीआयटीच्या बॅचमध्ये माउस धरायला शिकलेला हात उपयोगी पडतो. जातप्रमाणपत्राच्या अर्जात आडनावाची एक वेलांटी चुकली तर हेलपाटे कुणाला पडतात, हे आदिवासी पट्ट्यात वेगळं सांगावं लागत नाही.

ग्रामपंचायतीत हेच काम संगणक परिचालक करतात. 2011 मध्ये ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाच्या ‘संग्राम’ प्रकल्पातून ही पोरं भरली गेली. पुढे त्याच कामाला ‘आपले सरकार सेवा केंद्र’ हे नाव आलं. जन्म-मृत्यूच्या नोंदी, कराचे उतारे, वरून आलेली प्रत्येक नवी ऑनलाइन माहिती त्यांच्याच टेबलावर येते. मानधन मात्र वर्षानुवर्षं सहा-सात हजार रुपयेच होतं, तेही अनेकदा महिनोन्‌महिने थकलेलं. त्यासाठी त्यांनी आझाद मैदानावर धरणं धरलं, नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चे नेले. ग्रामपंचायतीचा कर्मचारी म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या, ही त्यांची मागणी. डिजिटल महाराष्ट्राच्या जाहिरातींवर होणारा खर्च पाहता ती अवाजवी म्हणता येणार नाही.