हडपसरची पागा

बेंगळुरूच्या राजाजीनगरातून यशवंतपूरमार्गे तुमकूर रस्त्याला लागायचं आणि नेलमंगलाला हासनचा रस्ता धरायचा. बेंगळुरूपासून सत्तरेक किलोमीटरवर कुणिगल लागतं. तिथली अश्वपैदाशीची पागा थेट टिपू सुलतानाच्या काळातली. पुढे ती इंग्रजांकडे गेली, मग सरकारकडे आणि 1990च्या दशकात भाडेपट्ट्याने विजय मल्ल्यांच्या कंपनीकडे. एका घराने पिढ्यान् पिढ्या राखली, असं मात्र तिच्या नशिबी आलं नाही. तशी पागा बघायची तर पुण्याला, हडपसरला जावं लागतं.

सोली पूनावाला यांनी 1946 साली ती घातली. पारशी घर, पुणं आडनावातच. जागाही सोयीची होती: पावसाळ्यात पुण्याच्या शर्यती, हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर, आणि शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांच्या जन्माची नोंदवही, म्हणजे भारताचं स्टड बुक, तेही पुण्यातच.

हा धंदा फार सोशिक माणसाचा आहे. घोडी अकरा महिने गाभण राहते. जगात इतर जनावरांना कृत्रिम रेतन चालतं, थरोब्रेडला चालत नाही. नर-मादीचा संयोग नैसर्गिकच व्हावा लागतो, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही. त्यात वयाचा हिशेब विचित्र: वर्षभरात केव्हाही जन्मलेलं शिंगरू पुढच्या 1 जानेवारीला एक वर्षाचं धरतात. घोडी डिसेंबरच्या अखेरीस व्याली तर आठवड्याभराचं पिल्लू कागदोपत्री वर्षाचं होऊन बसतं आणि पुढे मोठ्या भावंडांशी पळतं! म्हणून घोड्या नव्या वर्षाच्या सुरुवातीला विताव्यात, अशा बेताने त्या नराला दाखवतात. मग सहा महिने शिंगरू आईजवळ, त्यानंतर दूध तोडायचं, चंदी-खरारा करायचा, आणि दोन वर्षांचं झालं की विकायचं. तोवर ते पळणार की नुसतं देखणं दिसणार, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सोलींचा मुलगा सायरस याने विशीतच ओळखलं, की समाजवादाच्या वाटेने निघालेल्या देशात श्रीमंतांच्या शौकावर फार काळ विसंबता येणार नाही. त्याने आधी स्पोर्ट्स कार करून पाहिली, जॅग्वारच्या डी-टाइपवर बेतलेली. एक नमुना तयार झाला, पण तशा गाड्या विकायला काढायच्या तर खर्च आवाक्याबाहेरचा होता. वाट सापडली ती पागेतच, आणि तीही पळून थकलेल्या घोड्यांत.

म्हातारे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. तिथे घोड्याला धनुर्वाताचं निष्प्रभ केलेलं विष थोडं थोडं, वाढत्या मात्रेने टोचतात. त्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग मानेच्या शिरेतून रक्त काढून त्यातला रक्तद्रव शुद्ध केला की धनुर्वातावरचं प्रतिविष मिळतं. एवढ्या मोठ्या अंगाच्या जनावरातून रक्तही भरपूर मिळतं. ही विद्या बेरिंग आणि कितासातो यांची, 1890ची. घोडे आपले आणि औषध दुसऱ्याचं, हे कशाला? 1966मध्ये सायरस यांनी भाऊ झवारे यांच्यासह पागेशेजारीच सीरम इन्स्टिट्यूट काढली. पहिलं उत्पादन अर्थातच धनुर्वाताचं प्रतिविष. पुढे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची त्रिगुणी लस, मग गोवराची. या लशींना घोडा लागत नाही. तो फक्त दार उघडून बाजूला झाला. आज मात्रांच्या संख्येने ही जगातली सर्वांत मोठी लस कंपनी आहे आणि तिच्या पत्त्यात अजून ‘सोली पूनावाला रोड’ येतो.

पैसा लशींतून येऊ लागल्यावर पागा मोडली असती, तर नवल नव्हतं. उलट ती वाढली. मला वाटतं, याचं कारण हिशेबात सापडणार नाही. घोड्यांचा नाद लागलेलं घर ते. महालक्ष्मीवर फेब्रुवारीत पूनावाला ब्रीडर्स मल्टि-मिलियन ही शर्यत होते, ती याच घराच्या नावाची. शर्यतीला जुगार म्हणणारे अजून आहेतच, मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1996मध्ये तिला कौशल्याचा खेळ ठरवलं.

एक गोष्ट मात्र खटकते. थरोब्रेडचं रक्त अखेर तीन आयात नरांवर जातं, इंग्लंडात आणलेल्या. दख्खनची स्वतःची जात म्हणजे भीमेकाठची भीमथडी. मराठ्यांच्या फौजा तिच्यावर धावल्या. तिला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती अगदी अलीकडे, तोवर धनगरांच्या वाड्यांवर ओझी वाहून तिने दिवस काढले.