चंदेरी कागदाची अंतराळयानं

दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ लागायचा त्या काळात शाळकरी पोरांच्या मनगटावर घड्याळ नसे. ते दहावी पास झाल्यावर मिळायचं. तरी मैदानावर प्रत्येक जण रिकामं मनगट तोंडाशी नेऊन रोबोटला हुकूम सोडत असे. मालिकेतला मुलगा घड्याळात बोलतो आणि रोबोट उडत येतो, एवढं सगळ्यांना पक्कं आठवतं. रोबोटचा चेहरा इजिप्तच्या राजासारखा होता, त्याच्या बोटांतून क्षेपणास्त्रं सुटायची, हेही आठवतं. एकदा शत्रू म्हणून नुसता एक अवाढव्य डोळा आला होता. पण मुलाचं नाव काय, तो कोणाच्या बाजूने लढत होता, शत्रू पृथ्वीवर कशाला आला होता, हे माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा. दहा जण दहा गोष्टी सांगतील आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटेल.

याचं एक कारण भाषा. मालिका जपानी, आपल्याकडे आली ती इंग्रजी आवाज चढवून. मराठी शाळांत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे संवाद कानावर पडायचे, पण कळत नसत. शेजारच्या घरात दाटीवाटीने बसलेल्यांत जो वयाने मोठा असेल तो सांगेल तो अर्थ. गल्लीगणिक सांगणारा वेगळा, म्हणून गल्लीगणिक गोष्टही वेगळी. मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं, सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यात १९७३ मध्ये चित्र दिसू लागलं, पण बाकी महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत टीव्ही पोहोचला तो १९८४ च्या आसपास, लहान क्षमतेचे प्रक्षेपक उभे राहिल्यावर. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आले खरे, तरी घराघरातले संच पुढे कित्येक वर्षं कृष्णधवलच होते. रंगीत चित्रित झालेला तो रोबोट आमच्यापैकी अनेकांनी करड्या रंगातच पाहिला.

शेवट मात्र सगळ्यांना सारखाच आठवतो, कारण त्याला भाषा लागत नव्हती. शत्रूच्या सम्राटाच्या अंगात एवढी अणुऊर्जा भरलेली असते की त्याला मारलं तर पृथ्वीच उद्ध्वस्त होईल. शक्ती संपलेला रोबोट कुणाच्या हुकमाशिवाय उठतो, सम्राटाला कवटाळतो आणि आकाशात घेऊन जातो. मुलगा खालून ओरडत राहतो, परत ये म्हणून. रोबोट पहिल्यांदाच त्याचं ऐकत नाही आणि एका अशनीवर आदळून फुटतो. तोएई कंपनीने १९६७-६८ मध्ये केलेल्या या मालिकेचे भाग होते २६. मित्सुतेरु योकोयामा यांच्या चित्रकथेवरून ती बेतली होती. आता मोठेपणी ती पुन्हा पाहिली तर इमारती पुठ्ठ्याच्या आहेत हे कळतं, राक्षसांच्या पोशाखातली माणसंही कळतात. तरीही तो शेवटचा भाग आजही भिडतो. करणाऱ्यांकडे पैसा बेताचा होता, पण एका यंत्राला पहिल्यांदा स्वतःची इच्छा सुचते ती कोणत्या क्षणी, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

अर्धवट आठवणीचा सगळा दोष आपल्या वयावर किंवा भाषेवर घालण्यात अर्थ नाही. असले स्वस्त विज्ञानपट आणि मालिका मुळातच तुकड्यांनी बनलेल्या असत, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘जायंट रोबोट’चंच पाहा. अमेरिकेत १९७० मध्ये त्याचे निवडक भाग जोडून ‘व्हॉयेज इंटू स्पेस’ नावाचा सलग चित्रपट केला गेला. म्हणजे एकच दृश्य कुणी मालिकेत पाहिलं, कुणी चित्रपटात.

याहून नवल वाटावं अशी कहाणी एका रशियन चित्रपटाची. लेनिनग्राडच्या पावेल क्लुशान्त्सेव यांनी १९६२ मध्ये ‘प्लानेता बूर’, म्हणजे वादळांचा ग्रह, हा शुक्रावरच्या मोहिमेचा चित्रपट केला. क्लुशान्त्सेव लोकांना विज्ञान समजावणारे माहितीपट करणारे गृहस्थ. त्यामुळे त्यांची यानं आणि अंतराळपोशाख विलक्षण खरे वाटतात. हॉलिवूडमध्ये स्वस्तात चित्रपट काढण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रॉजर कॉर्मन यांनी त्याचे अमेरिकेतले हक्क घेतले. कर्टिस हॅरिंग्टन यांनी बेसिल रॅथबोन या नामवंत नटाची थोडी दृश्यं नव्याने चित्रित करून मधे घातली, रशियन नटांची नावं बदलली, आणि १९६५ मध्ये ‘व्हॉयेज टू द प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ तयार झाला. तीन वर्षांनी तीच रिळं पुन्हा बाहेर निघाली. या वेळी पीटर बोगदानोविच या तरुणाने समुद्रकिनाऱ्यावर शुक्रवासी स्त्रियांची दृश्यं घेतली आणि टोपणनावाने तिसरा चित्रपट उभा केला. मूळ चित्रपटात जॉन नावाचा एक रोबोट दोघा अंतराळवीरांना खांद्यावर घेऊन लाव्हारसातून चालत जातो. बोगदानोविचच्या चित्रपटात याच रोबोटला त्या स्त्रिया शेवटी देव मानतात. कॉर्मननी आणखी एका रशियन चित्रपटाची, १९५९ च्या ‘नेबो झोव्योत’ची, अशीच नवी आवृत्ती काढली. ते काम केलं फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी, ‘गॉडफादर’च्या दहा वर्षं आधी.

आता कल्पना करा, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात एखाद्याला लहानपणी पाहिलेला लाव्ह्यातला रोबोट आठवतो आहे. त्याने नेमका कोणता चित्रपट पाहिला? एकाला आठवतं की रोबोट बुडाला, दुसऱ्याला आठवतं की त्याची पूजा झाली. दोघेही बरोबर आहेत. मला या उद्योगाबद्दल राग येत नाही, पण क्लुशान्त्सेव यांचं नाव ज्या पद्धतीने पुसलं गेलं त्याचं वाईट वाटतं. त्या चित्रपटांत जे जे पाहण्यासारखं आहे ते त्यांचं आहे.

आपल्याकडच्या स्वस्त विज्ञानपटांची वंशावळ निराळी. ती पौराणिक चित्रपटांकडून येते. जाहिरातीत ज्याला ‘ट्रिकसीन’ म्हणत त्याची परंपरा फाळक्यांपासूनची. नारद प्रकट होतो, बाण हवेत भिडतात, हे करणाऱ्या हातांनीच पुढे अदृश्य माणूसही पडद्यावर आणला. विजय भट्ट यांच्या १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या. कृष्णधवल फिल्मवर दोरा दिसत नाही, आणि दिसतं ते एवढंच की अदृश्य माणसाने काहीतरी उचललं. या कामामुळे त्यांना ‘काला धागा’ हेच नाव पडलं. मग अशोक कुमारचा ‘मिस्टर एक्स’ आला, १९६४ मध्ये किशोर कुमारचा ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’. सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने तर १९५२ मध्येच अमेरिकन भागीदारीत ‘द जंगल’ काढला होता, त्यात हत्तींना लोकर चढवून मॅमथ केले होते. तमिळमध्ये १९६३ चा ‘कलै अरसि’, एम. जी. रामचंद्रन यांचा. परग्रहावरचे लोक एका गायिकेला उचलून नेतात, कशासाठी, तर तिने त्यांना गाणं शिकवावं म्हणून! पृथ्वीवरून नेण्यासारखं काय आहे, या प्रश्नाचं इतकं गोड उत्तर मी दुसऱ्या कुठल्या विज्ञानपटात पाहिलेलं नाही.

आणि १९६७ चा ‘चाँद पर चढाई’. टी. पी. सुंदरम दिग्दर्शक, दारासिंग अंतराळवीर, सोबतीला भगवानदादा. आर्मस्ट्राँगचं पाऊल पडायला अजून दोन वर्षं होती. दारासिंगच्या कुस्तीसाठी आलेल्या प्रेक्षकाची निराशा होऊ नये म्हणून चंद्रावरही झुंजी आहेत. असले चित्रपट पुढे कितीतरी वर्षं मॅटिनीला, तंबूत, गणपतीत रस्त्यावर बांधलेल्या पांढऱ्या कापडावर फिरत राहिले. कापडाच्या उलट्या बाजूला बसलेल्यांना सगळं डावीचं उजवीकडे दिसायचं. नावं पडून गेल्यावर पोचलेल्याला चित्रपटाचं नाव कधीच कळायचं नाही, आणि प्रत जुनी असेल तर मधली दृश्यं गळालेली. त्याच्या मनात उरतो तो चंदेरी पोशाखातला एक पहिलवान, बस्स. माझ्या मते तो उरलेला तुकडाही खरा आहे, कारण त्या रात्री पडद्यावर तेवढंच होतं.

दूरदर्शनने स्वतःच्या मालिका काढल्या तेव्हा आम्ही थोडे मोठे झालो होतो. ‘स्पेस सिटी सिग्मा’मधले कॅप्टन तारा आणि खलनायक झखाकू ही नावं घेतली की आजही पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांचे डोळे चमकतात, कथानक मात्र कुणालाच सांगता येत नाही. १९८९ चं ‘इंद्रधनुष’ आनंद महेंद्रू यांचं. मुलं संगणक जोडतात आणि त्यातून काळात प्रवास सुरू होतो. गिरीश कर्नाड त्यात होते, आणि आज निर्माता-दिग्दर्शक म्हणून माहीत असलेला करण जोहर शाळकरी मुलाच्या भूमिकेत होता. त्या वेळी आमच्यापैकी कितीतरी जणांनी खरा संगणक पाहिलेलाही नव्हता. १९९८ मध्ये केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’ आला, मिलिंद सोमणचा. तोवर घरोघरी केबल आली होती.

मराठीत तर या मालिकांच्या आधीपासूनच विज्ञानकथा जोरात होती. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. ते नाव घेतलं होतं जयंत विष्णू नारळीकरांनी. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ आलं. सुट्टीत वाचनालयातून आणून आम्ही ती पुस्तकं पारायणासारखी वाचली. पण पडद्यावर मराठी यान उडालं नाही म्हटलं तरी चालेल. पैशाची अडचण सांगितली जाते, ती मला पटत नाही. जॉन कारपेंटर आणि डॅन ओबॅनन या अमेरिकन विद्यार्थ्यांनी विद्यापीठात शिकता शिकता सुरू केलेला ‘डार्क स्टार’ १९७४ मध्ये सुमारे ६० हजार डॉलरमध्ये पुरा झाला. त्यातला परग्रहवासी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा रंगवलेला फुगीर चेंडू. त्याच ओबॅननने पुढे ‘एलियन’ लिहिला. आपल्याकडे कथा होत्या, नाटकातून तयार झालेले उत्तम नट होते, ट्रिकसीन जाणणारे तंत्रज्ञ होते. कमी पडली ती हिंमत.

जे झालं ते तरी जपायला हवं. ब्रिटनमध्ये बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या साठच्या दशकातल्या टेप पुसून पुन्हा वापरल्या, कारण टेप महाग होती. नव्वदहून अधिक भाग गेले. पण त्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण घरोघरच्या मुलांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो उतरवून ठेवला होता. २०१३ मध्ये हरवलेले नऊ भाग सापडले ते नायजेरियातल्या एका दूरचित्रवाणी केंद्राच्या खोलीत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. तिथे पी. के. नायर यांनी आयुष्यभर एकच आग्रह धरला की चांगलं-वाईट ठरवत न बसता सगळं जपा. स्वस्त विज्ञानपटांसाठी याहून योग्य धोरण नाही. चित्रपटांची तशी काळजी घेणारं कुणी तरी होतं. टीव्हीवर एकदा लागून गेलेल्या मालिकांचं काय, हा प्रश्न आपण विचारलाच नाही.

म्हणून वाचकांना सांगणं आहे. त्या वर्षांत ज्यांच्या घरी व्हीसीआर होता त्यांनी लग्नाच्या, वाढदिवसाच्या कॅसेटींच्या गठ्ठ्यात एकदा पाहावं. अनेकदा शेवटच्या रिकाम्या टेपवर टीव्हीचा एखादा कार्यक्रम उतरवलेला असतो. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, फीत तुटते आणि यंत्रही बिघडतं. जाणकाराकडून साफ करून मगच डिजिटल प्रत करून घ्या. कॅसेट नसेल तर जुन्या ग्रंथालयात जा. वर्तमानपत्रं रोजचे दूरदर्शनचे कार्यक्रम छापत असत आणि त्यांच्या फायली बांधून ठेवलेल्या आहेत. त्यात नाव, वार, वेळ मिळते आणि कुठलं दृश्य कुठल्या मालिकेतलं हे जुळवता येतं. जे आठवतं ते गाव आणि अंदाजे साल घालून लिहून ठेवा, अर्धवट असलं तरी. आणि माळ्यावर कॅसेटींचं खोकं असेल तर ते पुढच्या पावसाळ्याआधी खाली काढा.