वाळूत चाक का रुतते?

समुद्रकाठच्या ओल्या वाळूवरून सायकल सहज धावते. कोरड्या वाळूत मात्र चाक रुतते. मग सहाराच्या वाळवंटातून मोटरसायकली जातात तरी कशा? २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून मोटारी व मोटरसायकलींची एक शर्यत निघाली. सुमारे १०,००० किलोमीटर अंतर तोडून ती जानेवारी १९७९ मध्ये सेनेगलमधील डाकारला संपली. ती योजणारा थिएरी साबीन १९७७ साली मोटरसायकलवरून जाताना वाळवंटात वाट चुकला होता. शोधणाऱ्यांना सापडला म्हणून वाचला!

सारी किमया आहे टायरमधील हवेची. समजा, गाडी व स्वार यांचे वजन २४० किलो आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो आहे. मग दोन्ही चाके मिळून सुमारे १२० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतील. थोडी हवा सोडून दाब १ किलो केला, तर टायर पसरतो, टेकण्याची जागा जवळजवळ दुप्पट होते आणि वाळूवरील दाब निम्मा होतो. उंटाच्या पसरट पायाचे मर्म हेच.

कठीण जमीन लागताच मात्र पुन्हा हवा भरलीच पाहिजे. नाहीतर सैल टायर सारखा दबून तापतो व फाटतो. म्हणून पंप हवा, आणि सोबतीही हवेत. रुतलेली गाडी एकट्याने उपसताना घामावाटे अंगातील पाणी झपाट्याने जाते.

सायकलच्या टायरला शाई लावून तो चौकटीच्या कागदावर टेकवा. थोडी हवा सोडून पुन्हा टेकवा आणि दोन्ही ठशांच्या चौकटी मोजा. काय आढळते?