दुसऱ्याच्या शब्दांतून बाहेर पडताना

1999 साली डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या कार्यक्रमात गाणं झाल्यावर लेटरमनने समोरच्या तरुण गायिकेला विचारलं, तुमच्या बँडला हे असलं नाव कसं काय? तिने सी. एस. लुईसच्या पुस्तकातला दाखला सांगितला. लहान मूल वडिलांकडूनच सहा पेन्स मागून घेतं आणि त्यातून त्यांच्यासाठी भेट आणतं. वडील सुखावतात, पण त्यांच्या गाठीला काही सहा पेन्स वाढत नाहीत. देवाला आपण जे देतो ते त्याचंच, असा लुईसचा मुद्दा. आपल्याकडे याला गंगेचं पाणी गंगेला वाहणं म्हणतात.

बँडचं नाव ‘सिक्सपेन्स नन द रिचर’ आणि गायिका ली नॅश. त्यांचं ‘किस मी’ त्या वर्षी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. हलकी गिटार, मधेच डोकावणारं ॲकॉर्डियन आणि त्यावर लीचा कोवळा, किंचित श्वास मिसळलेला आवाज. भारतातही इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांना ते पाठ होतं. हा ख्रिस्ती बँड आहे, हे मात्र फार कुणाला ठाऊक नव्हतं.

अमेरिकेत ‘ख्रिस्ती पॉप’ ही वेगळी पेठ आहे. तिची रेडिओ केंद्रं वेगळी, याद्या वेगळ्या, दुकानं वेगळी, पुरस्कारही वेगळे. गंमत म्हणजे ही वर्गवारी चालीवरून होत नाही, शब्दांवरून होते. गिटार तीच, ड्रम तेच. ओळींत श्रद्धा दिसली की गाणं या पेठेतलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचा साचा घेतला, या मुलांनी रॉकचा घेतला, इतकंच. पण साचा उसना असला की राखणदारांना धास्ती वाटते. या पेठेच्या डव्ह पुरस्कारांनी 1999 मध्ये ‘किस मी’ला स्पर्धेतूनच बाद केलं. गाण्यात देव नाही, हे कारण. तक्रार खोटी नव्हती; ते सरळ प्रेमगीत आहे. तरी ज्या गाण्याने बँडचं नाव जगभर नेलं तेच घरच्या मांडवात अपात्र ठरावं, हे विचित्रच.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘किस मी’ लीने लिहिलेलं नाही. टेक्सासमधल्या न्यू ब्राऊनफेल्स गावात शाळकरी वयात तिची मॅट स्लोकमशी गाठ पडली आणि त्यातून बँड उभा राहिला. थोडे अपवाद सोडले तर गाणी त्याची, आवाज तिचा. आपल्याला यात खटकण्यासारखं काही वाटणार नाही. गदिमांनी लिहावं आणि बाबूजींनी गावं, ही आपली रीतच. रॉकच्या दुनियेत मात्र गायकाने आपलं आपण लिहावं अशी अपेक्षा असते. बँडमध्ये असेपर्यंत हा प्रश्न झाकलेला राहतो. एकटं उभं राहिलं की पहिल्यांदा तोच विचारला जातो.

2004 मध्ये बँड मोडला. त्याच वर्षी लीला मुलगा झाला. दोन वर्षांनी, 15 ऑगस्ट 2006 रोजी तिचा पहिला एकल अल्बम आला, ‘ब्लू ऑन ब्लू’. तो काढायला तिने स्वतःची कंपनी थाटली आणि नाव ठेवलं ‘वन सन’, एक मुलगा. निर्माता म्हणून तिने ख्रिस्ती पेठेतलं कुणी घेतलं नाही; सारा मॅकलॅकलनच्या अल्बमांमुळे नावाजलेला कॅनडाचा पिएर मार्शां घेतला. या वेळी गीतलेखनात ती स्वतः उतरली होती.

ऐकताना फरक लगेच जाणवतो. स्लोकमची गाणी विणलेली असत, पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची. लीची गाणी घरात वावरतात. ‘माय आयडिया ऑफ हेवन’च्या नावात स्वर्ग असला तरी ते भजन नव्हे. अल्बम सगळा जमलेला नाही, हेही सांगायला हवं. मार्शांची नजाकत काही ठिकाणी इतकी गुळगुळीत होते की गाणं हातातून निसटतं, आणि स्लोकमच्या चाली जिथे अनपेक्षित वळण घेत तिथे या सरळ निघून जातात. ‘किस मी’सारखं यश या अल्बमला मिळालं नाही. पण ‘नर्व्हस इन द लाइट ऑफ डॉन’मध्ये तो आवाज, ज्याला लोक गोड म्हणून मोकळे झाले होते, चक्क घाबरलेला ऐकू येतो. माझ्या मते एवढ्यासाठी हा अल्बम काढणं सार्थकी लागलं.

पुढे 2008 च्या सुमारास ली आणि स्लोकम पुन्हा एकत्र आले, 2012 मध्ये बँडचा नवा अल्बमही आला. एकल गाणंही तिने सोडलं नाही. 2011 मध्ये जुन्या प्रार्थनागीतांचा अल्बम केला. म्हणजे देवाचं नाव घ्यायला तिची ना नव्हती.

‘ब्लू ऑन ब्लू’ ऐकणार असाल तर क्रमाने ऐकू नका. ‘नर्व्हस’पासून सुरुवात करा, तेही पहाटे.