युती पत्रिकेतली आणि आकाशातली

योगेश्वरीचं दर्शन झालं की अंबाजोगाईला आलेली मंडळी हत्तीखान्याकडे वळतात. खडक कोरून केलेलं लेणं, मधला उघडा चौक आणि त्यात उभे दगडी हत्ती. हे हत्ती देवीच्या वऱ्हाडातले, असं गावातली माणसं सांगतात. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, पण वाटेतच मुहूर्त टळला. वऱ्हाडी दगड झाले आणि देवी कुमारिका राहिली. परळी इथून जेमतेम पंचवीस किलोमीटर! ही देवी चित्पावनांची कुलदेवता, त्यामुळे ठरलेल्या लग्नाची पत्रिका तिच्यापुढे ठेवायला कोकणातली, पुण्या-मुंबईची घरं आजही येतात.

लग्न ठरवताना ज्योतिषी ग्रहांची युती दोनदा पाहतो. आधी वधूवरांच्या पत्रिकेत आणि मग मुहूर्त काढताना पंचांगात. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो आणि तिचा त्रास मुलामुलींना होतो.

दोन ग्रह एका राशीत आले की युती. अंशांनीही जवळ असले तर ती अंशात्मक आणि अधिक बलवान. सप्तम स्थान जोडीदाराचं, मग तो संसारातला असो की धंद्यातला. म्हणून भागीदारीत दुकान टाकणाराही तेच घर दाखवतो. तिथे शुक्र-मंगळ असले तर ओढ फार आणि उतावळेपणाही. शुक्र-शनी असले तर लग्नाला उशीर, पण झालेलं नातं चिवट. चंद्र-शनीला विषयोग म्हणतात, मंगळ-राहूला अंगारक. गुरूची दृष्टी पडली तर धार बोथट होते. गंमत म्हणजे छत्तीस गुणांच्या मेलनात यातलं काहीच नसतं. ते सगळं चंद्राच्या राशी-नक्षत्रावर चालतं.

आता थोडं गणित. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधी जात नाही. त्यामुळे राजयोग म्हणून सांगितला जाणारा बुधादित्य योग साधारण निम्म्या पत्रिकांत सापडतो. गुरू आणि शनी दर वीस वर्षांनी भेटतात. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी ते इतके जवळ आले की नुसत्या डोळ्यांना जवळजवळ एकच तारा वाटावा. त्या डिसेंबरपासून मार्च २०२१ पर्यंत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत ही मकरेतली युती आहे. लग्नरास सुमारे दोन तासांनी बदलते, तसं फक्त तिचं घर बदलतं. मंगळाचंही तसंच. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं, अशी बारांपैकी पाच घरं मंगळाची धरली तर शंभरातली चाळीसेक माणसं मंगळाची ठरतात. मंगळदोषाला इतके अपवाद शास्त्रकारांनाच का सांगावे लागले, ते यावरून कळतं.

मुहूर्तासाठी पाहतात त्या आकाशातल्या युतीची, म्हणजे ग्रहाच्या सूर्याशी युतीची, गोष्ट निराळी. ती दिसते, खरं तर, दिसेनाशी होते. गुरू किंवा शुक्र सूर्याच्या फार जवळ गेला की त्याच्या तेजात लोपतो. हाच अस्त. सूर्यसिद्धांताने त्याचे अंश ठरवून दिले आहेत: गुरूला ११, शुक्राला १० आणि वक्री असताना ८. शुक्र सूर्याच्या पलीकडून जातो तेव्हा दीड-दोन महिने दिसत नाही, अलीकडून जातो तेव्हा आठवडाभरच. गुरूचा अस्त महिनाभराचा. विवाहाचे हे दोन कारक आकाशात नसताना लग्न लावू नये, असा संकेत. २०२४ च्या मेमध्ये दोघेही लोपले होते. अंबाजोगाई ज्यात येतं त्या बीड जिल्ह्यात हे फार जाणवतं, कारण ऊसतोडीला गेलेली घरं पाडव्याच्या आसपास परततात आणि लग्नं उरकायला त्यांच्या हाती उन्हाळाच असतो. पंचांगकर्त्यांनी अशा अडचणीसाठी आपत्कालीन मुहूर्तांची सोय केली आहे, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

सिंहस्थाचा नियम तर अंबाजोगाईकरांनी मुद्दाम माहीत करून घ्यावा असा आहे. गुरू सिंहेत असताना लग्न वर्ज्य, असं सरसकट सांगितलं जातं. पण राम दैवज्ञाने शके १५२२ मध्ये काशीत लिहिलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’त या दोषाला हद्द घातली आहे: गोदावरीच्या उत्तरेपासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंत. पैठण गोदेच्या उत्तर तीरावर, ते या हद्दीत येतं. अंबाजोगाई दक्षिणेला, इथे दोष नाही. गुरू सिंहेत असताना भरणाऱ्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चं. त्या सिंहस्थात कुणी लग्न अडवलं तर हा ग्रंथ पुढे करावा.

पत्रिकेवरून माणूस ओळखता येतो का, याची कसोटी महाराष्ट्रातच झाली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यांतल्या प्रत्येकी ४० तपासून २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती. इंग्लंड-वेल्समध्ये २००१ च्या जनगणनेतली सुमारे एक कोटी जोडपी डेव्हिड व्होस यांनी तपासली. सूर्यराशींच्या जुळण्याचा मागमूस निघाला नाही.

मुहूर्त जरूर पाहा. त्यात ऋतू आहे, आकाश आहे, चार माणसांना एका वेळी एकत्र आणण्याची युक्ती आहे. पण मुलगी अठराची आणि मुलगा एकविसाचा झाला आहे ना, तिचं शिक्षण पुरं होतंय ना, हे त्याआधी पाहा. बीड जिल्ह्यात ऊसतोडीचा मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, आणि त्या उचलीपायी शाळेतल्या पोरींची लग्नं लागतात. तिथे कुठल्याही ग्रहाचा संबंध नसतो. आणि दोघं एकमेकांना पसंत असतील तर सप्तमातल्या शनी-मंगळापायी ठरत आलेलं लग्न मोडू नका.