रूपकुंडची हाडे आणि ‘सगळे’ हा शब्द

गूढ आणि उलगडा : लेखांक ११

गेल्या आठवड्यात आसाममधल्या जटिंगाचे पक्षी पाहिले. ‘आत्महत्या’ या एका शब्दाने तिथे सगळ्या विचाराला चुकीची दिशा दिली होती. तो शब्द बाजूला ठेवला तेव्हा धुके, वारा आणि दिव्यांचा उजेड यांकडे लक्ष गेले. आजच्या कोड्यातही अशीच अडचण एका शब्दाची आहे. तो आत्महत्येसारखा सनसनाटी नाही, उलट इतका साधा आहे की तो आपण वापरतो आहोत हेही ध्यानात येत नाही. तो शब्द म्हणजे ‘सगळे’. उत्तराखंडच्या रूपकुंडाकाठी पडलेली ही सगळी माणसे कशी मेली, असा प्रश्न पाऊणशे वर्षे विचारला गेला. माझे म्हणणे असे की रूपकुंडचे गूढ जितके हाडांत होते, तितकेच या प्रश्नाच्या मांडणीत होते.

चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ शिखराच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,०२९ मीटर उंचीवर हे तळे आहे. व्यास जेमतेम चाळीस मीटर, म्हणजे एखाद्या देवळापुढच्या पुष्करिणीएवढा. वर्षातले बरेच महिने ते गोठलेले असते. बर्फ वितळले की तळाशी आणि काठावर माणसांची हाडे दिसू लागतात. किती माणसांची, याचे अंदाज तीनशेपासून आठशेपर्यंत आहेत. १९४२ मध्ये वनरक्षक एच. के. मढवाल यांनी ही हाडे पाहिली आणि बातमी बाहेर गेली. दुसरे महायुद्ध पेटलेले होते, त्यामुळे हे चोरवाटेने हिंदुस्थानात शिरू पाहणारे जपानी सैनिक असावेत अशी शंका आधी आली. हाडे जुनी आहेत हे कळल्यावर ती मागे पडली. मग १८४१ मध्ये तिबेटच्या स्वारीत नष्ट झालेल्या जोरावरसिंगाच्या फौजेचे नाव पुढे आले, मुहंमद तुघलकाच्या हिमालयातल्या फसलेल्या मोहिमेचेही आले. पण हाडांमध्ये बायकांचीही हाडे होती आणि शस्त्रे सापडत नव्हती, त्यामुळे फौजेची कल्पना टिकेना. तरी या प्रत्येक तर्कात एक गोष्ट कायम राहिली: माणसांचा जथा एक, आपत्ती एक आणि दिवसही एकच.

त्या मुलखातल्या लोककथेतही हेच आहे. नंदादेवीच्या गाण्यांत कनौजचा राजा जसधवल येतो. गरोदर राणी आणि नाचणाऱ्या बायका बरोबर घेऊन तो देवीच्या यात्रेला निघतो. पवित्र वाटेवर चाललेला हा थाट पाहून देवी कोपते, आकाशातून लोखंडी गोळ्यांसारख्या गारा पडतात आणि राजाचा सारा लवाजमा तिथेच संपतो. वाटेवरच्या ‘पाथर नचौनी’ या जागी नाचणाऱ्या बायकांचे दगड झाले, असे आजही सांगतात. रूपकुंडावरून जाणारी नंदादेवी राजजात ही यात्रा साधारण बारा वर्षांनी निघते. चार शिंगांचा मेंढा तिच्या अग्रभागी चालतो.

२००४ मध्ये या कथेला विज्ञानाचा दुजोरा मिळाल्यासारखे वाटले. नॅशनल जिऑग्राफिकच्या मोहिमेत हाडांचे नवे नमुने गोळा झाले. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेतल्या कार्बन-कालमापनाने इसवी सन ८५० च्या आसपासचा काळ दिला. काही कवट्यांवर वरून बसलेल्या, गोल आणि बोथट वस्तूच्या मारासारख्या भेगा दिसल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे या तपासणीत होते. तलवारीने हाड कापले जाते, दरडीने अंगभर मोडतोड होते. इथे मार होता तो डोक्यावर आणि खांद्यांवर. त्यावरून क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारांचा निष्कर्ष निघाला. त्याच सुमारास झालेल्या डीएनए तपासणीत काही नमुन्यांचे कोकणस्थ ब्राह्मणांशी साधर्म्य असल्याचेही जाहीर झाले आणि महाराष्ट्रात त्याची चर्चा झाली. लोककथा खरी ठरली, कोडे सुटले, असेच बहुतेकांना वाटले.

पण त्या उत्तराचा पाया किती रुंद होता? गारांच्या माराशी जुळतील अशा, भरून न आलेल्या भेगा नोंदल्या गेल्या त्या मोजक्याच कवट्यांवर. शेकडो माणसांचे मरण त्या थोड्या कवट्यांवर उभे केले गेले, कारण सगळे एकदमच मेले हे आधीच गृहीत होते. मग एकाला गार लागली म्हणजे सर्वांना लागली, एकाचा काळ नववे शतक म्हणजे सर्वांचा तोच. कोकणस्थांशी जोडलेले नातेही अशाच अरुंद पुराव्यावर होते. त्या काळची तपासणी आईकडून येणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यापुरती होती. आईची आई, तिची आई अशी वर जाणारी ती एकच रेघ. माणसाच्या असंख्य पूर्वजांपैकी एका रेघेवरून त्याचे कूळ सांगता येत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात नवे संशोधन आले. हैदराबादची सीसीएमबी, लखनौची बिरबल साहनी संस्था, डेक्कन कॉलेज, हार्वर्ड अशा अनेक संस्थांचे शास्त्रज्ञ त्यात होते. या वेळी ३८ व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचातल्या खुणा तपासल्या गेल्या. त्यांपैकी २३ जण भारतीय उपखंडातले निघाले, पण एका जातीजमातीचे नव्हते. आजच्या भारतात दिसते तसे वैविध्य त्यांच्यात होते. एकाचे मूळ आग्नेय आशियात होते. उरलेल्या चौदा जणांचे नाते सर्वांत जवळ जुळले ते ग्रीस आणि क्रीट बेटाच्या आजच्या रहिवाशांशी. कालमापनही हाडाहाडांचे वेगवेगळे केले गेले. उपखंडातली माणसे सातव्या ते दहाव्या शतकांमधली निघाली आणि त्यांच्यातही सर्वांचे काळ एकमेकांशी जुळेनात. भूमध्य सागराकडची माणसे इसवी सन १८०० च्या आसपासची. म्हणजे एकाच तळ्यातल्या दोन हाडांत सुमारे हजार वर्षांचे अंतर असू शकते.

यावर पहिला आक्षेप येतो तो डीएनएच्या भरवशाचा. जुन्या हाडांत तपासणाऱ्याच्या हातचा डीएनए मिसळू शकतो, ही भीती रास्त आहे. पण इथे साक्षीदार एक नाही, तीन आहेत. दुसरा कार्बन-कालमापनाचा, तिसरा आहाराचा. गहू, तांदूळ, जव या पिकांत आणि ज्वारी, बाजरी, नाचणी या भरडधान्यांत कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते, आणि माणूस जे वर्षानुवर्षे खातो ते त्याच्या हाडात उतरते. उपखंडातल्या गटात काहींच्या ताटात भरडधान्य भरपूर होते, काहींच्या कमी. भूमध्य गटाच्या हाडांत भरडधान्याची खूण जवळजवळ नाही. हाताचा स्पर्श डीएनए बिघडवू शकेल. पण त्याच चौदा जणांचा काळ आणि आहार मात्र तो बदलू शकत नाही. तिन्ही साक्षी स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी दोन गट पाडत असतील, तर गट खरेच दोन आहेत.

दुसरा आक्षेप इतिहासाची आवड असणाऱ्यांचा. ग्रीक म्हटले की सिकंदर आठवतो, आणि त्याच्या सैनिकांचे वंशज हिमालयात राहिले असतील, असे सुचवले जाते. पण सिकंदर १८०० सालापेक्षा दोन हजारांहून अधिक वर्षे आधीचा. इतक्या पिढ्या इथे राहिलेल्यांच्या रक्तात इथल्या माणसांचा वाटा उतरणारच. या चौदा जणांत तो नाही. ते तुर्की साम्राज्याच्या काळातले, त्या मुलखातून अलीकडेच आलेले प्रवासी असावेत, हेच अधिक पटते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. दोन काळांची शेकडो माणसे नेमक्या एकाच डबक्यात मरतील, हा योगायोग पचनी पडत नाही. पण इथेही ‘सगळे’ आडवा येतो. माणसे तळ्यात मेली, असे मानायची गरज नाही. यात्रेची वाट तळ्याच्या वरून धारेकडे चढते, उतार तीव्र आहेत, दरडी आणि हिमाचे लोट खाली येतात. वाडग्याच्या कडेवर कुठेही काही सांडले तरी ते घरंगळत तळाशीच येते. एका वादळात दहा जण गेले, शतकभराने थंडीत पाच जण गेले, तरी हाडांचा साठा इथेच. रूपकुंड हे अपघाताचे स्थळ असण्यापेक्षा अनेक अपघातांचे कोठार असणे अधिक शक्य आहे.

मग लोककथा खोटी ठरली का? माझ्या मते ती अर्धी तरली. त्या परिसरातल्या देवळांतले आठव्या ते दहाव्या शतकांतले लेख पाहता यात्रेची परंपरा तेवढी जुनी असावी. जुन्या गटात स्त्रिया आणि पुरुष दोन्ही आहेत, तपासलेल्यांत जवळचे रक्ताचे नाते नाही, युद्धाची खूण नाही. फौज किंवा राजाचे कुटुंब नव्हे, तर वेगवेगळ्या गावांहून आलेले यात्रेकरू हे वर्णन यांना नीट बसते. गारांचा मार काही जणांना खरोखर बसला असेल. गाण्याने अनेक वर्षांतली अनेक मरणे एका राजाच्या एका दिवसात गोळा केली. स्मृती असेच करते. पण प्रयोगशाळेनेही काही काळ तेच करावे, हे नवल आहे.

भूमध्याकडचे चौदा जण मात्र यात्रेच्या कथेत बसत नाहीत. एवढ्या लांबून, एवढ्या उंचीवर ते का आले, हे सांगणारी नोंद अभ्यासकांच्या हाती लागलेली नाही. गूढ संपले नाही, हे खरे. पण त्याचा आकार बदलला. आधी शेकडो अनामिकांचे एक धूसर कोडे होते. आता चौदा माणसे, ठरावीक प्रदेश आणि ठरावीक काळ हाताशी आहे. १८०० च्या सुमारास तुर्की मुलखातून निघालेल्या एखाद्या तुकडीचा माग जुन्या दप्तरांत काढता येतो. ‘सगळ्यांना’ शोधायला असे एकही दप्तर नव्हते.

(पुढील लेखांकात : कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यावर आपोआप सरकणारे दगड)