एका मापाची पानं

शाळेतल्या नकाशासंग्रहात चीनला एक पान असतं आणि बऱ्याचदा जपानलाही. पानं चाळताना दोन्ही देश जवळपास सारखीच जागा व्यापतात. प्रत्यक्षात चीन जपानच्या सुमारे २५ पट आहे. कोपऱ्यात दिलेलं प्रमाण वाचलं तर हे कळतं, पण मुलं आधी आकार पाहतात (आणि खरं तर आपणही!). मग सगळे नकाशे एकाच प्रमाणात का काढत नाहीत?

याचं उत्तर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने देऊन ठेवलं आहे. अलेक्झांड्रियातल्या या विद्वानाने सुमारे ८,००० ठिकाणांचे अक्षांश-रेखांश नोंदवले. सगळं जग एकाच नकाशात काढलं, तर माहितीच्या प्रदेशात नावांची दाटी होते आणि कमी माहितीचे प्रदेश रिकामे राहतात, हे त्याने ओळखलं. म्हणून जगाचे भाग पाडून प्रत्येकाचा वेगळा नकाशा काढावा, आणि त्या सगळ्यांचं प्रमाण एकच असलं पाहिजे असं नाही, असं त्याने सुचवलं. १४७७ साली त्याचा ग्रंथ बोलोन्यात नकाशांसह छापला गेला.

सोळाव्या शतकात छापील नकाशांचा व्यापार वाढला, पण नकाशे सुटेच मिळत. रोम आणि व्हेनिसमधले दुकानदार गिऱ्हाईक निवडेल ते नकाशे एकत्र बांधून देत. नकाशे लहानमोठे, म्हणून मोठ्यांच्या घड्या घालायच्या आणि लहानांना कडेने कागद जोडायचा. असे दोन संग्रह सहसा एकसारखे नसत.

अँटवर्पच्या अब्राहम ऑर्टेलियसने ही पद्धत मोडली. नकाशे रंगवण्यापासून सुरुवात करून तो नकाशांचा व्यापारी झाला होता. २० मे १५७० रोजी निघालेल्या त्याच्या ग्रंथात ५३ नकाशे होते. निरनिराळ्या लोकांनी केलेले नकाशे त्याने एकाच मापाच्या तांब्याच्या पत्र्यांवर नव्याने कोरून घेतले. क्रम लावला – आधी जग, मग खंड, मग देश. प्रत्येक नकाशाच्या पाठीवर माहिती छापली. शिवाय ८७ नकाशाकारांची यादी दिली. आम्हांला या यादीचं फार अप्रूप वाटतं. दुसऱ्याचा नकाशा बिनदिक्कत उचलण्याच्या त्या काळात हा माणूस आपले आधार उघड सांगत होता.

पुढच्या आवृत्त्यांत तो भर घालत आणि दुरुस्त्या करत राहिला. त्याच्या पहिल्या नकाशात दक्षिण अमेरिकेच्या नैर्ऋत्येला एक भलताच फुगवटा होता. १५८७ साली नवा पत्रा कोरून घेऊन त्याने तो काढून टाकला. हे खर्चाचं काम होतं, म्हणून सगळेच प्रकाशक ते करत नसत. ॲम्स्टरडॅमच्या ब्लाउ यांच्या १६६२च्या ११ खंडी संग्रहात सुमारे ६०० नकाशे होते. दिसायला देखणे, पण त्यातले कित्येक काही दशकं जुने!

‘ॲटलास’ हे नाव मर्केटरचं. त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १५९५ साली निघालेल्या ग्रंथाला ते होतं. त्याच्या मनात मात्र आभाळ पेलणारा राक्षस नव्हता, तर मॉरिटेनियाचा एक विद्वान राजा होता.

आपल्याकडे १७७९ साली रेनेलचा बंगालचा नकाशासंग्रह प्रत्यक्ष मोजणीवरून तयार झाला. स्वातंत्र्यानंतर, १९५७ साली, प्रा. शि. प्र. चटर्जी यांच्या देखरेखीखाली भारताचा राष्ट्रीय नकाशासंग्रह हिंदीत निघाला. त्यात देश एकच. पाऊस, शेती, लोकसंख्या असे विषय बदलत जातात.

पुन्हा चीन-जपानकडे येऊ. समजा, चीनच्या पानावर १ सेंमी म्हणजे २०० किमी आहे आणि जपानच्या पानावर ६० किमी. जपानच्या नकाशावर पेन्सिलीने ३.३ सेंमी बाजूचे चौरस आखायला सांगा. प्रत्येक चौरसातला किनारा आलेखाच्या कागदावर १ सेंमीच्या चौरसात उतरवायचा. चीन आहे तसाच गिरवायचा. आता भरलेले चौरस मोजा. जपानची जमीन जेमतेम साडेनऊ चौरस सेंटिमीटर भरेल आणि चीनची सुमारे २४०.